चौघांचा तंबू, दोघांची पाठ: चिपळूणच्या एका कुटुंबाचं प्रकरण

सरांची मागणी एका वाक्यात मावत होती. थंडीत मित्राबरोबर डोंगरात पाठीवर नेता येईल आणि सुट्टीत बायकामुलांसकट समुद्रावर लावता येईल असा एकच तंबू हवा, पंधरा हजारांच्या आत. आमच्या ट्रेकिंग मंडळाचं सामान माझ्या ताब्यात असतं, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. बहुतेकांना दुकानाचं नाव सांगून वाटेला लावता येतं. सरांना तसं लावता येईना, कारण त्यांनी कागदावर तक्ता करून आणला होता आणि त्या तक्त्यात सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच रकाना होता: 'वॉटरप्रूफ किती?'

कुटुंब चौघांचं. सर हायस्कुलात शिकवतात, वहिनी बँकेत आहेत, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सहाचा. शिवाय आजी, म्हणजे सरांची आई. त्या सहलीला येतात, पण तंबूबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी जाहीर झालं होतं: "मी नाय हो त्या बिळात शिरायची." त्यामुळे आजींची सोय कायम कुणाच्यातरी घरी, हे गृहीत धरलं आणि हिशोब चौघांचा ठेवला.

डोंगरातलं काम वेगळं. सर आणि त्यांचा एक सहकारी डिसेंबर-जानेवारीत खेड तालुक्यातल्या रसाळगड, सुमारगड, महिपतगड या रांगेवर जाणार होते. मुक्कामाचं सगळं सामान पाठीवर, वाटेत पाण्याचा भरवसा कमी. म्हणजे एका बाजूला चार माणसं आणि डिकीत सामान, दुसऱ्या बाजूला दोन माणसं आणि दोन सॅक. या दोन्ही ठिकाणी एकच तंबू चालेल का, हा प्रश्न कागदावर सुटणारा नव्हता. म्हणून विकत घेण्याआधी तीन तंबू वापरून बघायचं ठरवलं.

हाताशी काय होतं

पहिला मंडळाचा चौघांचा डोम. तळ २४० बाय २१० सेंटिमीटर, मधली उंची १४० च्या आसपास, फायबरग्लासचे पोल, एकच दार. वरची फ्लाय, म्हणजे पाऊस-दंव अडवणारं बाहेरचं कापड, अर्धी, टोपीसारखी फक्त डोक्यावर येणारी. काट्यावर पिशवी, खुंट्या सगळं धरून सव्वापाच किलो भरला. लेबलवर साडेचार लिहिलंय. हा फरक नेहमीचा आहे. कंपन्या अनेकदा नुसतं कापड आणि पोल यांचं वजन छापतात, आणि आपण मात्र पिशवी, खुंट्या, दोऱ्यांसकट सगळं वाहतो. तंबू घेताना सामान तोलायचा काटा बरोबर न्यावा, दुकानदार हसला तर हसू दे.

दुसरा सरांच्या मेव्हण्याचा, हवेत फेकला की उघडणारा पॉप-अप. एकाच थराचा. मिटल्यावर त्याची मोठ्या परातीएवढी चकती होते, ती सॅकच्या आत जात नाही आणि बाहेर बांधली तर झाडीत प्रत्येक फांदीला अडकते. डोंगरासाठी तो तिथेच बाद झाला. तरी समुद्रावर नेला, कारण मेव्हण्यालाही यायचं होतं.

तिसरा दोघांचा ट्रेकिंगचा तंबू. आत जाळीचा इनर, म्हणजे झोपायचा आतला थर, वर जमिनीपर्यंत येणारी पूर्ण फ्लाय, अ‍ॅल्युमिनियमचे पोल, दोन्ही बाजूंना दार आणि प्रत्येक दारापुढे फ्लायची छोटी पडवी. तळ २१५ बाय १४०, मधली उंची १०५, सगळं मिळून २ किलो ३०० ग्रॅम.

तिघांचा तंबू हा मधला मार्ग सरांच्या तक्त्यात होताच. तो मी हिशोबानेच काढून टाकला. पिशवीवरचा आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलेली माणसं. मोठ्या माणसाची चटई ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद असते, मुलांना ४५ ते ५० लागतात. चौघांना झाले किमान २००, आणि तिघांचे तंबू साधारण १८० रुंद असतात. शिवाय सहा वर्षांचं मूल झोपेत चारी दिशांना फिरतं, ते कुठल्याच लेबलमध्ये धरलेलं नसतं.

अंगणातलं पाणी

सरांच्या समाधानासाठी सुरुवात पाण्यापासून केली. चौघांच्या डोमवर २००० आणि दोघांच्या तंबूवर ३००० असा आकडा होता. हा आकडा मिलिमीटरचा. ताणून धरलेल्या कापडाला पाण्याचा वाढता दाब देतात आणि कापडातून तीन ठिकाणी थेंब दिसले की तेव्हा पाण्याच्या स्तंभाची उंची किती होती ते नोंदवतात. आयएसओ ८११ ही त्याची प्रमाणित चाचणी. वरच्या फ्लायला १५०० असले तरी साधा पाऊस अडतो.

तळाचं गणित मात्र वेगळं, आणि तक्त्यात नेमकं तेच नव्हतं. साठ किलोचा माणूस तंबूत गुडघ्यांवर उभा राहिला आणि दोन्ही गुडघ्यांखाली मिळून १०० चौरस सेंटिमीटर कापड दाबलं गेलं, तर दर चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅम भार पडला. म्हणजे ६ मीटर पाण्याचा दाब, ६००० मिलिमीटर. खाली माती ओली असेल तर ३००० चा तळसुद्धा गुडघ्याखाली पाझरतो. उपाय स्वस्त आहे: खाली ताडपत्री. फक्त ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं लहान कापायची. बाहेर डोकावणारी ताडपत्री फ्लायवरून ओघळलेलं पाणी झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडते.

नळाचा पाइप लावून दोन्ही तंबूंवर पाणी मारलं. कापडातून कुठेच थेंब आला नाही. चौघांचा डोम गळला तो खिडकीच्या शिवणीतून, जिथे आतून टेप लावलेली नव्हती. दोघांच्या तंबूत फ्लायच्या सगळ्या शिवणींना टेप होती, तो कोरडा राहिला. सरांनी दोन हजार आणि तीन हजारांवर इतका विचार केला होता आणि पाणी शिरलं सुईच्या भोकातून. दुकानात फ्लाय उलटी करून शिवणींवरून बोट फिरवलं तर हे अर्ध्या मिनिटात कळतं.

यावर माझं मत थोडं रोखठोक आहे. जून ते सप्टेंबर कोकणात कुणी हौसेने तंबू लावू नये. इथल्या पावसापुढे या किमतीतला कुठलाच तंबू नीट टिकत नाही आणि तेव्हाचा समुद्र तर जवळ जाण्यासारखाही नसतो. तंबूचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडाट करून कोसळतो, तेवढा एक अपवाद. मग ज्या चार महिन्यांत पाऊसच नाही, त्यांच्यासाठी पाण्याच्या आकड्यावर हजार-दोन हजार जास्त का मोजायचे?

गुहागर

चिपळूणपासून गुहागर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, म्हणून कुटुंबाची परीक्षा तिथे. सरांनी पौर्णिमा निवडली होती, मुलांना चांदण्यात समुद्र दाखवायचा म्हणून. संध्याकाळी पाच-साडेपाचला पोचलो तर किनारा हे एवढा रुंद, वाळू सपाट आणि घट्ट. सर म्हणाले, "इथेच लावू."

ही जागा फसवी असते, आणि नेमकी पौर्णिमेलाच जास्त. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या आगेमागे. ती साधी भरतीही नसते, उधाणाची असते. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पाहुणे पोचतात तेव्हा किनारा सगळ्यात रुंद दिसतो आणि ते झोपलेले असताना पाणी सगळ्यात वर येतं. चांदण्यासाठी आलेल्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही.

शेवटी तंबू किनारा सोडून सुरूच्या बनामागे एका ओळखीच्या वाडीच्या कडेला लावले. वाडीवाले तात्या आधी म्हणाले होते, "कुठेही लावा." मग मुलांनी माडाखालची सावलीची जागा धरली तसे ते धावत आले. "माडाखाली नको हां. झावळ काय सांगून पडत नाय, नि नारळ तर नायच नाय." मोकळी, पण वाऱ्याला आडोसा असलेली पट्टी त्यांनीच दाखवली. किनाऱ्यावर न थांबण्याचं आणखी एक कारण होतं. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ, आणि गुहागरच्या वाळूत त्यांची घरटी असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे संरक्षणाचं काम सुरू केलं, आता ते कितीतरी गावांत चालतं. रात्री वाळूवर कंदील आणि टॉर्चचा झोत पडला की वर येणारी मादी माघारी फिरते आणि पिल्लं दिव्याकडे भरकटतात. तंबू वाडीत असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

वाडीच्या कडेची जमीनही वाळूचीच होती. तंबूबरोबर आलेल्या बारीक लोखंडी खुंट्या बोटाने दाबल्या तरी आत जात होत्या, म्हणजे त्या काय धरणार ते दिसतच होतं. तरी तणाव्याला, म्हणजे तंबू ताणून धरायच्या दोरीला, बॅगा तोलायचा काटा अडकवून ओढून पाहिलं. काटा चार किलोपर्यंत जायच्या आत खुंटी बाहेर. मग तात्यांच्या खळ्यातली नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या काथ्याच्या साली, घेतली. दोन सोडणं एकत्र बांधायची, त्यांच्या मध्यावर तणावा बांधायचा, हातभर खड्ड्यात ती ओढीच्या दिशेला आडवी पुरायची आणि वर वाळू टाकून पायाने चोपायची. काटा वीस किलो दाखवायला लागला तरी दोरी तसूभर हलली नाही. मेव्हणा मोबाइलवर वाळूतल्या खास खुंट्यांची किंमत शोधत होता, त्याने फोन खिशात टाकला. सोडणं नसतील तिथे सुरूचं वितीएवढं लाकूड किंवा ओली वाळू भरलेली कापडी पिशवी हेच काम करते. परत निघताना ती उकरून काढायला मात्र विसरायचं नाही.

दार कुठे करायचं यावर थोडा वाद झाला. मुलांना दार समुद्राकडे हवं होतं. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, त्यामुळे संध्याकाळी ते छानच वाटतं. रात्री मात्र जमीन लवकर थंड होते आणि वारा उलटतो, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. दार फक्त पश्चिमेला असेल तर रात्री हवेची पाठ तुमच्याकडे. दोन दारांच्या तंबूत दोन्हीकडची जाळी उघडी ठेवून हा वाद मिटतो. चौघांच्या डोमचं एकुलतं दार मुलांच्या आग्रहाने समुद्राकडे ठेवलं.

झोपायची व्यवस्था अशी झाली: डोममध्ये वहिनी, दोन्ही मुलं आणि सर, पॉप-अपमध्ये मेव्हणा, दोघांच्या तंबूत मी एकटा. हवा स्वच्छ, थंडी बेताची, आणि दंव भरपूर. सकाळी तिन्ही तंबूंची अवस्था तीन तऱ्हांची होती. पॉप-अपच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. मेव्हण्याच्या अंथरुणाचा जो भाग कापडाला टेकला होता तो भिजला होता. श्वासातली आणि घामातली वाफ एकाच थंड थरावर जाऊन बसली की दुसरं काय होणार! हवेत आधीच एवढा दमटपणा असतो की ती वाफ सुकायला जागाच नाही. त्याचं म्हणणं पडलं की दंव आत शिरलं. प्रत्यक्षात ते त्याचं स्वतःचं पाणी होतं. डोममध्ये वरची जाळी मोकळी असल्यामुळे आत वाफ साठली नाही, पण अर्धी फ्लाय बाजूंना पुरत नसल्याने बाहेरचं दंव इनरच्या कापडावर पडून ते ओलसर झालं. दोघांच्या तंबूत पाणी फ्लायच्या आतल्या अंगाला जमलं होतं आणि मधल्या वीतभर पोकळीमुळे जाळीचा इनर कोरडा होता. आमच्या हवेत तंबू निवडताना मी सगळ्यात आधी ही पोकळी आणि हवेची खिडकी बघतो, पावसाचा आकडा त्यानंतर. जाळीही बारीक हवी. डास कुठलीही जाळी अडवते, संध्याकाळची चिलटं मात्र जाड जाळीतून सहज आत येतात.

रात्रीचा खरा गोंधळ वेगळाच झाला. दोन-अडीचच्या सुमाराला मुलाला शू लागली आणि डोमच्या दाराची चेन अर्ध्यावर अडकली. दातऱ्यांत वाळू गेली होती. दार एकच, त्यात सर दाराशी आडवे. मी टॉर्च घेऊन गेलो तर आत वहिनी मोबाइलचा दिवा तोंडात धरून, मुलाचा दात घासायचा ब्रश घेऊन चेनचा एकेक दात साफ करत होत्या. साफ करायचा, सरकवणी पाव इंच पुढे न्यायची, परत साफ करायचा. दार उघडलं, मुलगा वेळेत बाहेर पडला, पण त्या रात्री वहिनींनी आपला निकाल दिला. सकाळी चहा घेताना त्या एवढंच म्हणाल्या, "दोन दारं नसलेला तंबू आपल्या घरात येणार नाही."

चेनला मेणबत्ती घासायचा सल्ला बरेच जण देतात. घरच्या बॅगेला ठीक आहे. किनाऱ्यावर त्या मेणालाच वाळू चिकटते. साध्या पाण्याने धुवून ब्रश मारणं बरं.

सडा

परतताना वेळणेश्वरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, डोम आणि दोघांचा असे दोन्ही तंबू पुन्हा उभे करून पाहिले, कारण कोकणातल्या सहलीत अशी जागा हमखास वाट्याला येते. जांभ्याच्या कातळात खुंटी जात नाही. सरांनी दगडाने ठोकून पाहिली, ती वाकली. डोम आणि दोघांचा तंबू दोन्ही आपल्या पोलांवर स्वतः उभे राहणारे असल्याने निभावलं. काठीच्या आधाराने आणि सगळ्या बाजूंनी ताणून उभे राहणारे हलके तंबू हल्ली ट्रेकवाल्यांत लोकप्रिय आहेत, वजनाला ते उत्तमच, पण इथे त्यांचा काही उपयोग नाही. दोघांच्या तंबूच्या पडव्यांना मात्र ताण लागतोच. तिथे तणाव्याच्या फासात आडवी काठी घालून तिच्यावर फुटके चिरे रचले. जांभ्याची धार दोरी कापते, म्हणून मध्ये जुन्या बनियनचा तुकडा.

महिपतगड

सर आणि त्यांचा मित्र दोघांचा तंबू घेऊन गेले. वाटणी सोपी होती, एकाकडे पोल, खुंट्या आणि फ्लाय, दुसऱ्याकडे इनर आणि ताडपत्री. प्रत्येकाच्या पाठीवर तंबूचे सव्वा किलोच्या आसपास. हा आकडा पाण्याशेजारी ठेवून बघायला हवा. त्या धारेवरून चालताना दोघांनी चार-चार लिटर पाणी घेतलं होतं, म्हणजे माणशी चार किलो नुसतं पाणी. त्यावर शिधा, अंथरूण, स्टोव्ह. डोम नेला असता तर तंबूचेच माणशी अडीच किलोंहून जास्त झाले असते, आणि सुमारगडाच्या अवघड टप्प्यावर सॅक मागे ओढत असताना तो फरक पायांना कळतो. सर परत आल्यावर म्हणाले, "तुमचा तो डोम मी पायथ्याला दहिवलीतच टाकून आलो असतो." मंडळाचा डोम आहे तो, टाकून आले असते तर भरून घेतला असता.

मुक्काम गडावर पारेश्वराच्या देवळाजवळ. माती पातळ, खाली दगड, पण नेमकी फट सापडली की खुंटी बसते. रात्री वारा चांगलाच बोचरा होता. बुटका तंबू अशा वेळी बरा, वाऱ्याला धरायला अंगच कमी मिळतं. १४० सेंटिमीटरमध्ये दोन चटया टाकून कडेला वीतभर जागा उरली, सॅक पडवीत, बूटही पडवीत. तक्रार एकच: आत बसून कपडे बदलताना सरांचं डोकं कापडाला लागत होतं. ते पावणेसहा फूट आहेत. स्वयंपाक त्यांनी तंबूबाहेर दगडाच्या आडोशाला केला, पडवीतसुद्धा नाही. हे कापड वितळून जळतं आणि बंद जागेत स्टोव्हचा विषारी वायू साठतो. थंडी कितीही असली तरी त्यात सूट नाही.

निर्णय

एवढं झाल्यावर 'एकच तंबू' ही अट सरांनी स्वतःच सोडली. चौघांचा तंबू डोंगरात चालत नाही आणि दोघांच्या तंबूत चौघं मावत नाहीत, हे तर आधीही दिसत होतंच. ठरलं ते असं: दोघांचे दोन तंबू, एकाच मॉडेलचे. डोंगरात एक न्यायचा. सहलीला दोन्ही, दारं समोरासमोर करून, मध्ये वावभर जागा आणि वर ताडपत्रीचं छप्पर. एका तंबूत वहिनी आणि मुलगा, दुसऱ्यात सर आणि मुलगी.

वहिनींचा आक्षेप रास्त होता. रात्री दोन्ही मुलं नजरेसमोर हवीत. समोरासमोरच्या दारांमुळे जाळीतून पलीकडचं दिसतं, हे अंगणात दोन तंबू लावून त्यांनी स्वतः खात्री करून घेतली. दुसरा तंबू त्या दिवशी मंडळाचाच आणला होता. मुलगी खूश, कारण मधल्या छपराखाली तिला पत्ते खेळायला जागा मिळाली. आजी खुर्ची घेऊन तिथे येऊन बसल्या, आणि बीळ हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. चौघांच्या डोममध्ये ही बसायची सावली मिळतच नाही. सकाळी नऊनंतर आपल्या उन्हात बंद तंबूत कुणी बसू शकत नाही, मग तो कितीही ऐसपैस असो.

याच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टीही आहेत. दोन तंबू लावायला दुप्पट वेळ लागतो, खुंट्या दुप्पट, आणि मुलाला रात्री बाबांकडे जायची हुक्की आली तर दोन चेन उघडाव्या लागतात. मुलं आणखी लहान असती, तीन वर्षांच्या आतली, तर मी मोठा तंबूच सुचवला असता आणि डोंगरासाठी मंडळाकडून तंबू भाड्याने घ्या म्हटलं असतं. दर सुट्टीला गाडी काढणाऱ्या आणि डोंगराची हौस नसलेल्या घरालाही मोठाच तंबू बरा, फक्त पूर्ण फ्लाय आणि दोन दारांचा.

पैशाचं बघायचं तर एक तंबू साडेसहा हजारांच्या आसपास पडला, दोन मिळून तेरा. वर ताडपत्री आणि जाड तणावे. पंधरामध्ये बसतं. सरांनी आता एकच घेतला आहे, दुसरा दिवाळीनंतर. तोवरच्या सहलींना मंडळाचा.

पावसाळ्याआधी

किनाऱ्यावरून आल्यावर तंबू गोड्या पाण्यात बुडवून धुतला. साबण नाही, मशीन तर नाहीच. मीठ कापडात राहिलं की ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि तंबू कधी पूर्ण सुकतच नाही. पोलांचे सांधे सोडवून आतली वाळू फुंकली, त्यावर पाणी मारलं, एकेक सांधा फडक्याने पुसला. अ‍ॅल्युमिनियमला वाळूने चरे पडले की खाऱ्या हवेत ते तिथूनच गंजायला लागतं. वाळवला तो पडवीत, सावलीत. ऊन या कापडाला लवकर कमजोर करतं.

ठेवायच्या जागेवरून सरांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांना तो पत्र्याखालच्या माळ्यावर टाकायचाय, कारण जागा तिथेच आहे. या किमतीतल्या तंबूंच्या कापडावर आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की तो हळूहळू विघटित होतो, कापड चिकट होतं, आंबूस वास मारतो, आणि मग ते पाणी अडवत नाही. चिपळूणच्या पावसाळ्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच जागी. मंडळाचे दोन जुने तंबू असेच गेले, एकदाही न फाटता. मी सांगितलं, घट्ट पिशवीतून काढा, सैल सुती पिशवीत घाला आणि कपड्यांच्या कपाटात ठेवा. वहिनी म्हणाल्या, कपाटात जागा करते, पण ट्रेकचे बूट तिथे येणार नाहीत.

दुसरा तंबू घेताना मॉडेल तेच मिळेल का, याची मला थोडी धास्ती आहे. कंपन्या दर हंगामाला थोडंफार बदलतात आणि पोलांची लांबी जुळेनाशी होते. सारखे दोन असतील तर एकाचा पोल मोडला किंवा एकाची फ्लाय फाटली तरी दोघांतून एक धड तंबू उभा राहतो. म्हणून सरांना सांगितलंय, दिवाळीपर्यंत थांबायचं तर थांबा, पण गणपतीत दुकानात एक फेरी मारून साठा संपत आलाय का ते बघून या.